प्रवासाचा पास कुणाला, पायपीट कुणाला? : साथरोग, प्रांतबंदी आणि जात (१८९७ ते २०२०)

करोना काळाबद्दल एक वाक्य आपल्याकडे फार ऐकू येते : "विषाणूने जातपात पाहिली नाही, सगळ्यांना सारखेच घरात कोंडले." अग्रलेखांत, भाषणांत आणि व्हॉट्सॲपच्या गटांत ते इतक्या वेळा आले आहे की उद्या तेच इतिहास म्हणून आपल्या मुलांना शिकवले जाईल. म्हणून ते वेळीच तपासले पाहिजे.

विषाणूला जात नसते, हे खरे. पण रस्ते विषाणूने अडवले नव्हते. रस्ते सरकारने अडवले, नाक्यावर पोलिसांनी अडवले आणि पास साहेबांच्या टेबलावरून निघाले. ही सगळी माणसे याच समाजातली होती. त्यामुळे प्रश्न साधा आहे. साथीच्या काळात एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात, एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाण्याची परवानगी कुणाला मिळाली? कशाच्या जोरावर मिळाली? आणि ज्यांना मिळाली नाही त्यांचे काय झाले?

याचे उत्तर शोधायला १८९७ पासून सुरुवात करावी लागते, कारण २०२० साली राज्य सरकारांनी बाहेर काढलेला कायदा त्याच सालचा आहे.

प्लेग : आपल्याला शिकवलेला आणि न शिकवलेला

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. पुढच्या काही महिन्यांत शहर रिकामे होऊ लागले. फेब्रुवारी १८९७ पर्यंत मुंबईच्या आठ-साडेआठ लाख वस्तीपैकी चार लाखांच्या आसपास माणसे शहर सोडून गेली. ज्यांच्याकडे पैसा होता ते रेल्वेने, बोटीने गेले. बाकीचे मिळेल त्या वाटेने गावाकडे निघाले.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा होता. रेल्वेने किंवा इतर मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करणे, संशयितांना वेगळे ठेवणे, हे अधिकार त्याने सरकारला दिले. आदेश मोडणाऱ्याला भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली शिक्षा ठेवली. आणि शेवटच्या कलमात, सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा चालणार नाही असे संरक्षण दिले. ज्याला रस्त्यात थांबवले त्याला अन्न कोण देणार, पाणी कोण देणार, झोपायला जागा कोण देणार, घरी कोण पोहोचवणार, याबद्दल त्या कायद्यात एक शब्द नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढे १२३ वर्षांनी तोच कायदा तसाच वापरला गेला.

शाळेच्या पुस्तकातला प्लेग म्हणजे पुणे, रँड आणि चापेकर. घराघरांत गोरे शिपाई शिरले, देवघर बाटले, म्हणून संताप झाला आणि २२ जून १८९७ रोजी गोळ्या झाडल्या गेल्या. जुलूम झाला, हे कुणी नाकारत नाही. पण याच प्लेगच्या आणखी दोन गोष्टी आहेत, त्या पुस्तकात का येत नाहीत?

पहिली गोष्ट मुंबईच्या हलालखोरांची, म्हणजे सफाई कामगारांची. प्लेग हटवण्यासाठी सक्तीचे उपाय सुरू झाले तेव्हा तेही शहर सोडून जातील, अशी चिन्हे दिसू लागली. पालिका आयुक्त स्नो यांना भीती वाटली की हे लोक गेले तर मुंबई राहण्यालायक उरणार नाही. सक्ती काही काळ सैल होण्यामागे हीसुद्धा भीती होती. अर्थ काय होतो? शहर सोडणारा व्यापारी हा प्रवासी होता. शहर सोडणारा सफाई कामगार मात्र शहरावरचे संकट होता. त्याच्या जिवाची काळजी कुणाला नव्हती, त्याच्या हातांची होती.

दुसरी गोष्ट सावित्रीबाई फुले यांची. हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर डॉ. यशवंतरावांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातला पांडुरंग बाबाजी गायकवाड यांचा मुलगा प्लेगने आजारी होता. त्याला न्यायला वाहन नव्हते. सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेतले आणि दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. सरकारने तपासणीची चौकी दिली, कलम दिले, शिक्षा दिली. महारवाड्यातल्या मुलाला दवाखान्यापर्यंत नेण्याचे काम एका माणसाच्या पाठीने केले.

भाडे खिशात असूनही

कुणी म्हणेल, हा गरिबीचा प्रश्न आहे, जातीचा नाही. पैसे असतील त्याला वाहन मिळते. बाबासाहेबांचे आयुष्य याला उत्तर आहे.

१९०१ साली बाबासाहेब, त्यांचे भाऊ आणि भाचे साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाले. रामजीबाबा तेव्हा खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खजिनदार होते. मुले रेल्वेने मसूर स्टेशनात उतरली. अंगावर चांगले कपडे, खिशात पैसे. स्टेशनमास्तर आधी आपुलकीने बोलला, पण मुले महारांची आहेत हे कळताच त्याचा चेहरा बदलला. कुणी गाडीवान त्यांना बैलगाडीत घ्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचे, अशा अटीवर एक जण कबूल झाला. रात्री टोलनाक्यावर गाडी थांबली. मुलांनी आपण मुसलमान असल्याचे सांगितले, तरी नाकेदाराने पाणी दिले नाही. डब्यात जेवण होते, पण पाण्यावाचून मुले उपाशी झोपली.

पुढे १९२९ साली बाबासाहेब परदेशातून उच्च पदव्या घेऊन आलेले बॅरिस्टर होते, सरकारी समितीचे सदस्य होते. चाळीसगावला महारवाड्यात जाण्यासाठी टांगा हवा होता. टांगेवाल्याने महाराला बसवून टांगा हाकायला नकार दिला. मग टांगा भाड्याने घेऊन वस्तीतल्याच माणसाने तो हाकला. त्याला सवय नव्हती. पुलावर अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला.

हे सगळे त्यांनी ज्या आत्मकथनपर लेखनात सांगितले आहे त्याचे नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. व्हिसा म्हणजे परक्या देशात शिरायची परवानगी. स्वतःच्याच देशात, स्वतःच्याच जिल्ह्यात फिरायला ज्याला परवानगी लागते त्याची ही हकीकत आहे. करोनात बाकीच्या समाजाला 'पास लागतो' हे पहिल्यांदा कळले. आपल्या माणसाला ते पिढ्यान् पिढ्या ठाऊक होते.

२०२० : तोच सातारा जिल्हा, पाच मोटारी

२४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी देश बंद करण्याची घोषणा केली. मध्यरात्रीपासून अंमल, म्हणजे हातात चार तास. २८ मार्चला दिल्लीच्या आनंद विहार बसस्थानकावर हजारो मजूर जमले. २९ मार्चला केंद्रीय गृहमंत्रालयाने राज्यांच्या आणि जिल्ह्यांच्या सीमा बंद करण्याचा आदेश काढला. ३० मार्चला बरेलीत गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्यावर जंतुनाशक फवारले गेले. ३१ मार्चला सर्वोच्च न्यायालयात सरकारतर्फे सांगण्यात आले की आता रस्त्यावर कुणी चालत नाही.

मग एप्रिल उजाडला. ८ एप्रिलला डीएचएफएलच्या वाधवान कुटुंबाच्या पाच मोटारी खंडाळ्याहून महाबळेश्वरला निघाल्या. जिल्हाबंदी होती, पुणे आणि सातारा दोन्ही जिल्हे बंद होते. एकूण २३ माणसे, त्यात घरचे स्वयंपाकी आणि नोकरसुद्धा. त्यांच्या हातात राज्याच्या गृहखात्याच्या प्रधान सचिवांचे पत्र होते : ही मंडळी परिचयाची आहेत, कौटुंबिक निकडीसाठी जात आहेत, सहकार्य करावे. वाधवान बंधू तेव्हा येस बँक प्रकरणात तपास यंत्रणांना हवे होते. गाजावाजा झाला, गुन्हा दाखल झाला, सगळ्यांना पाचगणीत विलगीकरणात ठेवले, अधिकाऱ्याला सक्तीच्या रजेवर पाठवले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तेच अधिकारी पुण्याचे पोलीस आयुक्त झाले.

ज्या सातारा जिल्ह्यात १९०१ साली दुप्पट भाडे देऊनही बाबासाहेबांना गाडीवान मिळाला नाही, त्याच जिल्ह्यात ११९ वर्षांनी एका पत्रावर पाच मोटारी घाट चढून गेल्या. यापेक्षा स्पष्ट उदाहरण कुठे शोधायचे?

प्रांतांच्या सीमांवरही हेच. बिहारमधील हिसुआचे आमदार एप्रिलमध्ये मोटारीने थेट राजस्थानातल्या कोटा शहरात गेले आणि शिकवणीसाठी तिथे राहिलेल्या मुलीला घेऊन आले. मधे अख्खा उत्तर प्रदेश ओलांडला. पास नवाद्याच्या उपविभागीय अधिकाऱ्याने दिला होता. बोभाटा झाल्यावर अधिकारी निलंबित झाला. त्याच आठवड्यात उत्तर प्रदेश सरकारने कोट्यातल्या विद्यार्थ्यांसाठी अडीचशेच्या आसपास बस पाठवल्या. नंतर आपल्या एसटीच्या गाड्याही धुळ्याहून कोट्याला गेल्या. मुले अडकली होती, त्यांना आणलेच पाहिजे होते, यात वाद नाही. वाद इतकाच आहे की बंद सीमेतून बस जाऊ शकते हे सरकारला एप्रिलमध्येच माहीत होते. मग तीच बस वीटभट्टीवरच्या, इमारतीच्या सांगाड्यावरच्या आणि मिरचीच्या शेतातल्या मजुरासाठी का निघाली नाही?

मिरचीचे शेत मुद्दाम लिहिले. याच एप्रिलमध्ये तेलंगणात मिरची तोडायला गेलेली बारा वर्षांची आदिवासी मुलगी छत्तीसगडमधल्या आपल्या गावी पायी निघाली. तीन दिवस चालली आणि घराजवळ येऊन मेली. मे महिन्यात हरियाणातून बिहारपर्यंत सुमारे १२०० किलोमीटर सायकलवर जखमी बापाला घेऊन जाणाऱ्या दलित मुलीचे देशाने कौतुक केले, परदेशातूनही कौतुक आले. पंधरा वर्षांच्या पोरीला हे का करावे लागले, हा प्रश्न त्या टाळ्यांत बुडून गेला.

आणि ८ मे. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे वीस मजूर रुळांच्या कडेने भुसावळच्या दिशेने निघाले होते. मध्य प्रदेशातल्या उमरिया आणि शहडोल जिल्ह्यांतले, बहुतेक गोंड आदिवासी. पस्तीस-चाळीस किलोमीटर चालून करमाडजवळ रुळांवरच झोपले. पहाटे मालगाडी आली. सोळा जण गेले. वाचलेल्यांनी सांगितले की त्यांनी पाससाठी अर्ज केले होते, पण उत्तर आले नव्हते. त्यांचे मृतदेह मात्र रेल्वेने गावी पाठवण्यात आले.

पास मिळवायला काय लागायचे?

पासची व्यवस्था कशी चालायची हे नीट पाहिले पाहिजे, कारण भेदभाव तिच्या रचनेतच आहे. महाराष्ट्रात पोलिसांच्या संकेतस्थळावर अर्ज भरायचा. त्यासाठी इंटरनेट हवे, फोटो हवा, कागदपत्रे चढवता आली पाहिजेत, डॉक्टरचे प्रमाणपत्र हवे आणि वाहनाचा नंबर हवा. पास माणसाला मिळायचा, पण वाहनासकट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशात शंभरातल्या सात-आठ कुटुंबांकडेच मोटार आहे. बाकीच्यांनी वाहनाच्या रकान्यात काय लिहायचे? दलालांनी हजारो रुपये घेऊन पास काढून दिले आणि काहींना अटकही झाली, हे त्या काळच्या बातम्यांत आहे.

अडकलेल्या मजुरांसाठी केंद्राचा आदेश आला तो २९ एप्रिलला, टाळेबंदीच्या छत्तिसाव्या दिवशी. त्यातही पाठवणारे राज्य आणि घेणारे राज्य, दोघांची संमती हवी. श्रमिक रेल्वे १ मेपासून सुटू लागल्या. आणि मे महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात कर्नाटक सरकारने बांधकाम व्यावसायिकांशी बैठक घेतल्यानंतर मजुरांच्या गाड्या रद्द केल्या. टीका झाल्यावर निर्णय फिरवला, पण मनातले बाहेर पडले होते. मजूर गेला तर बांधकाम थांबेल. १८९७ मध्ये हलालखोराबद्दल जी भीती होती तीच ही भीती.

त्याच वेळी सफाई कामगाराला मात्र 'अत्यावश्यक' म्हणून रोज कामावर यावेच लागत होते. एकाला घरी जायचे होते तर जाऊ दिले नाही, दुसऱ्याला घरी थांबायचे होते तर थांबू दिले नाही. दोघे एकाच समाजातून आलेले. जातीने नेमून दिलेले काम सोडता येत नाही आणि नेमून दिलेली जागाही सोडता येत नाही, हीच तर जातव्यवस्थेची व्याख्या आहे. टाळेबंदीने ती फक्त सरकारी आदेशाच्या भाषेत लिहिली.

संविधानात काय लिहिले आहे?

अनुच्छेद १९(१)(घ) प्रत्येक नागरिकाला भारताच्या राज्यक्षेत्रात सर्वत्र मुक्तपणे फिरण्याचा हक्क देतो. सार्वजनिक हितासाठी वाजवी निर्बंध घालता येतात, हे १९(५) सांगतो. 'वाजवी' हा शब्द तिथे उगाच नाही. कर्नाटकने मार्च २०२० मध्ये तलपाडीचा रस्ता मातीचे ढीग टाकून बंद केला. कासरगोडच्या रुग्णांना मंगळूरच्या रुग्णालयांत जाता येईना आणि काही रुग्ण वाटेतच दगावले. तेव्हा १ एप्रिलला केरळ उच्च न्यायालयाने हाच हक्क आणि अनुच्छेद २१ मधला जगण्याचा हक्क पुढे ठेवून रस्ता मोकळा करण्याचा आदेश दिला. म्हणजे साथ चालू असतानाही संविधान लागू होते. ते लावायची इच्छा असावी लागते.

दुसरे, केंद्रसूचीतली नोंद ८१ वाचा. तिच्यात दोनच गोष्टी आहेत : आंतरराज्य स्थलांतर आणि आंतरराज्य विलगीकरण. दोन्ही एकाच ओळीत आणि दोन्ही केंद्राकडे. ज्याने राज्याराज्यांमधली वाहतूक थांबवली, त्याच्याच डोक्यावर स्थलांतरितांची जबाबदारी होती. दिल्लीने पहिला अधिकार वापरला आणि दुसरी जबाबदारी राज्यांवर ढकलली. सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत विचारले तेव्हा, किती स्थलांतरित मजूर मेले याची आकडेवारी नाही, असे उत्तर मिळाले.

तिसरे, १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा. कंत्राटदाराने प्रत्येक मजुराला फोटो लावलेले पासबुक द्यावे, विस्थापन भत्ता द्यावा, गावी जाण्या-येण्याचा प्रवासभत्ता द्यावा, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. हे पासबुक मजुरांच्या हातात असते तर कोण कुठे आहे हे सरकारला एका दिवसात कळले असते. चाळीस वर्षे तो कायदा कागदावर राहिला. आणि मजूर चालून चालून घरी पोहोचल्यावर, सप्टेंबर २०२० मध्ये, तो कायदा नव्या कामगार संहितेत विरघळवण्याचे विधेयक संमत झाले.

"पण साथ तर रोखायची होती ना?"

हा आक्षेप येणारच. आमचे म्हणणे निर्बंध नकोत असे मुळीच नाही. साथीत सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त मरतो तो दाटीच्या वस्तीतला आपलाच माणूस. त्यामुळे साथ रोखण्यात सर्वांत मोठा स्वार्थ आपला आहे. पण विषाणू आला विमानाने. पासपोर्टवाल्याने आणला आणि शिक्षा रेशनकार्डवाल्याने भोगली. परदेशी अडकलेल्यांसाठी ७ मेपासून वंदे भारत मोहिमेत विमाने सुटली. दुसऱ्याच दिवशी करमाडच्या रुळांवर सोळा माणसे चिरडली.

निर्बंधांचा हेतू रोग थांबवणे हा होता, तर नियम एकच असायला हवा होता : तपासणी करा, वाटेत खायला द्या, घरी पोहोचवा, तिथे वेगळे ठेवा. मोटारीतल्याला आणि चालणाऱ्याला हाच नियम लागू करता आला असता. आपल्याकडे काय झाले? एसटी बंद होती म्हणून वंचित बहुजन आघाडीला १२ ऑगस्टला डफली वाजवून आंदोलन करावे लागले. २० ऑगस्टपासून एसटी जिल्ह्याबाहेर धावू लागली. खासगी मोटारीची ई-पासची अट २ सप्टेंबरला गेली. पाच महिने गरिबाचे वाहनच रस्त्यावर नव्हते.

१४ एप्रिल २०२० हा दिवस तर विसरताच येणार नाही. सकाळी पंतप्रधानांनी बाबासाहेबांना अभिवादन करून, 'आम्ही भारताचे लोक' या शब्दांची आठवण काढून टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढवली. आपण जयंती घरातच साजरी केली, शिस्त पाळली. त्याच दुपारी वांद्रे स्थानकाबाहेर हजारो मजूर गावी जाऊ द्या म्हणून जमले आणि त्यांच्यावर लाठी चालली. ते भारताचे लोक नव्हते का?

पुढची साथ येण्याआधी

२२ एप्रिल २०२० रोजी अध्यादेश काढून १८९७ च्या कायद्यात दुरुस्ती झाली. आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्याला कडक शिक्षा आली, ते योग्यच. वाहने तपासण्याचे, माणसे थांबवून ठेवण्याचे केंद्राचे अधिकारही वाढले. रस्त्यात थांबवलेल्या माणसाचा हक्क मात्र तेव्हाही लिहिला गेला नाही.

म्हणून आपली मागणी नेमकी हवी. साथीत प्रवास थांबवायचा असेल तर थांबवण्याच्या आदेशातच अन्न, निवारा आणि घरी पोहोचवण्याची व्यवस्था लिहिलेली असावी आणि ती न करणाऱ्यावर कारवाई व्हावी. पास वाहनाला न देता माणसाला मिळावा, तलाठ्याकडे आणि पोलीस ठाण्यात कागदावर, फुकट मिळावा. दिलेल्या आणि नाकारलेल्या प्रत्येक पासची यादी जाहीर व्हावी. स्थलांतरित मजुराचे पासबुक आणि प्रवासभत्ता पुन्हा कायद्याने बंधनकारक करावा. सफाई कामगाराला 'अत्यावश्यक' म्हणायचे असेल तर साधने, विमा आणि सुट्टीचा हक्कही अत्यावश्यक ठरवावा.

आणि एक काम आपले स्वतःचे. करमाडचा, वांद्र्याचा, त्या मिरचीच्या शेतापासूनच्या वाटेचा इतिहास दुसरे कुणी लिहिणार नाही. प्लेगच्या इतिहासात चापेकर राहिले आणि हलालखोर पुसले गेले. करोनाच्या इतिहासात तसे होऊ द्यायचे नसेल तर वस्तीवस्तीत जाऊन, कोण कुठून चालत आले, नाक्यावर कुणी काय विचारले, पास कुणी नाकारला, हे माणसे हयात आहेत तोवर लिहून घ्या. उद्याच्या लढ्याचा पुरावा तोच असेल.

जय भीम! जय संविधान!